एसआर गोळी कुटून आमटीत दिली तर चालते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. वडिलांना मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन एसआर 1000 ची (एसआर म्हणजे सस्टेन्ड रिलीज, औषध हळूहळू सोडणारी) लांबट गोळी गिळवत नाही, म्हणून कडक भाकरी कुस्करलेल्या आमटीत तिची पूड घालून देता, ते बरोबर का? आणि पूर्वी अख्खी द्यायचात तेव्हा शौचात गोळी दिसायची, म्हणजे औषध वाया जात होतं का?

कुटणं आजपासूनच बंद करा. या गोळीत औषध हायप्रोमेलोजसारख्या पॉलिमरमध्ये मिसळून दाबलेलं असतं. पोटातलं पाणी लागलं की बाहेरचा थर फुगून चिकट जेल होतो आणि त्यातून मेटफॉर्मिन कित्येक तास झिरपत राहतं. पूड केली की तो थर धरतच नाही, 1000 मिलिग्रॅम एकदम सुटतं. मग मळमळ, पोटात कळा, जुलाब. रक्तदाबाची निफेडिपिन एसआर अशी कुटली तर दाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. म्हणून घरातल्या बाकी पट्ट्याही बघा: नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल, पीआर असेल तर खलबत्ता नको.

अर्धी करणंही टाळा, तुटलेल्या बाजूनं औषध लवकर निघतं. रक्तदाबावरच्या मेटोप्रोलोल सक्सिनेटच्या काही गोळ्या मात्र लेप दिलेल्या बारीक कणांच्या असतात. त्या मधल्या खाचेवर तोडता येतात, पण चावायच्या नाहीत.

शौचात दिसायचा तो बहुतेक औषध निघून गेलेला मऊ, फुगीर सांगाडा. साखर आटोक्यात असेल तर काळजी नको. गोळी कडक, जशीच्या तशी पडत असेल किंवा जुलाब सुरू असतील, तर डॉक्टरांना सांगा.

गिळताना आधी दोन घोट पाणी, मग ताठ बसून गोळी जिभेवर ठेवायची आणि लगेच पाण्याबरोबर गिळायची. आधी भिजवू नका, तोंडात घोळवूही नका. ओली झाली की ती चिकट होते आणि घशात अडते. वेळ रात्रीच्या जेवणाबरोबरची. मेटफॉर्मिन मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं. पोटात अन्न असलं की गोळी जठरात जास्त वेळ थांबते, रिकाम्या पोटी ती जागा लवकर ओलांडून जाते.

आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात गोळ्या पत्र्याखालच्या फळीवर नकोत. पट्टीवर बहुधा 25 किंवा 30 अंशांची मर्यादा छापलेली असते.

एवढं करूनही जमत नसेल तर डॉक्टरांकडून साधी मेटफॉर्मिन 500, दिवसातून दोनदा, अशी बदलून मिळते का विचारा. ती कुटली तरी चालते, फक्त कडू लागते. पाणी पितानाही वडिलांना ठसका लागत असेल, तर अडचण गोळीची नसून गिळण्याचीच असू शकते. तेही त्याच भेटीत दाखवा.