आकडा उचलायच्या आधी प्रश्नावली वाच

अगं, तुझा मेल रात्रीच वाचला. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं पण ते फार रागाचं व्हायला लागलं म्हणून पुसून टाकलं. राग तुझ्यावर नव्हता, तुझ्या सुपरवायझरच्या त्या एका वाक्यावर होता. तू विचारलंस की एकाच देशाचे पाण्याचे आकडे दोन रिपोर्टांत दोन वेगळे येतायत, दोन्हींच्या खाली नाव त्याच सर्व्हेचं आहे, मग घ्यायचा कुठला, आणि तो म्हणाला कुठलाही घे, खाली सोर्स टाक, ब्रीफ, म्हणजे ती छोटी धोरण-टिपणी, शुक्रवारी हवंय. आणि तू त्यावरून थेट इथवर पोचलीस की आपली लायकीच नाही, हे सगळं सोडून एखाद्या छोट्या संस्थेत फील्डवर जावं का, की आधी पीएचडी करावी.

ते सोडणं-बिडणं नंतर बघू. आधी मला सांग, तू प्रश्नावली वाचलीस का? डेटासेट नाही विचारत, व्हेरिएबलची लेबलं नाही विचारत. कागदावरची असो की टॅबवरची, ती प्रश्नावली जी हातात घेऊन कोणीतरी एका घरात एका बाईसमोर बसलेलं असतं. मला माहितेय नाही वाचलीस, कारण तुला कोणी वाचायला सांगितलंच नसणार, आणि बिघडतं ते नेमकं इथेच.

तुझंच टेबल घेऊ. तू जो वापरतेयस तो युनिसेफचा एमआयसीएस, मुलं-बायकांवरचा घरोघरचा सर्व्हे, त्यात पाण्याच्या भागात विचारतात की तिथे जाऊन, पाणी भरून परत यायला किती वेळ लागतो. उत्तर मिनिटांत लिहायचं, माहीत नसेल तर ९९८ हा कोड. आता मला सांग, पाण्याला जाणारी बाई घड्याळ लावून जाते का? ती म्हणते अर्धा तास. किंवा ती म्हणते बराच वेळ जातो, मग विचारणारा म्हणतो अर्धा तास धरू का, ती म्हणते धरा. तू त्या व्हेरिएबलचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे कुठलं उत्तर किती जणांनी दिलं त्याचा खांबांचा आलेख, काढून बघ, १५, ३०, ६० असल्या गोल आकड्यांवर खांब उभे दिसतील आणि मधे फारसं काही नाही. सत्तावीस मिनिटं असं सहसा कोणी सांगत नाही.

आता तुझ्या दोन आकड्यांमागच्या दोन व्याख्या बघ. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफ मिळून पाणी-स्वच्छतेवर लक्ष ठेवणारा जो जेएमपी कार्यक्रम चालवतात त्याच्या हिशोबात स्रोत सुधारित (नळ, बोअरवेल, झाकलेली विहीर असा) असेल आणि रांगेत थांबण्यासकट फेरी ३० मिनिटांपेक्षा जास्त नसेल तर ती 'बेसिक' सेवा. म्हणजे बरोबर ३० सांगणारी बाई पास. यूएनची विकास संस्था यूएनडीपी आणि ऑक्सफर्डचं गरिबी-संशोधन केंद्र ओपीएचआय यांचा २०१० पासूनचा बहुआयामी गरिबी निर्देशांक आहे ना, एमपीआय, त्यात जाऊन-येऊन ३० मिनिटं किंवा जास्त चालावं लागत असेल तर ते घर पाण्याच्या बाबतीत वंचित. बरोबर ३० सांगणारी बाई नापास. एकच बाई, एकच उत्तर, आणि नेमका त्या ३० वरच एवढा मोठा खांब! फरकाची कारणं अजूनही आहेत, जेएमपी अनेक सर्व्हेंमधून रेष ओढून त्या वर्षाचा अंदाज काढतो आणि एमपीआय एकाच सर्व्हेवर उभा असतो, पण हा तीसचा भाग तू स्वतः अर्ध्या दिवसात तपासू शकतेस. लायकीचा प्रश्न कुठे आला यात? तुला दोन आकडे खटकले, तुझ्या आधी ते टेबल हाताळलेल्या कोणाला खटकले नाहीत.

आणि अजून दोन ओळी खाली वाचत जा. पाणी आणायला सहसा कोण जातं हे पण विचारलेलं असतं, नाव आणि घरातल्या माणसांच्या यादीतला नंबर. म्हणजे ती चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिचं शाळेचं काय चाललंय ते त्याच सर्व्हेत, त्याच नंबरावर आहे. तुझ्या ब्रीफमध्ये मात्र 'पाण्याची उपलब्धता' एवढाच एक कॉलम. प्रश्नावली वाचली असतीस तर तुला कॉलम कमी पडले असते.

बालमजुरीचं पण तेच. एसडीजी ८.७.१, म्हणजे यूएनच्या शाश्वत विकास ध्येयांतला बालमजुरीचा निर्देशक, त्याचा आकडा दोन प्रकारे देतात, एक नुसता आर्थिक कामाचा आणि एक ज्यात घरकामही धरतात, ५ ते १४ वयाला आठवड्याला २१ तास किंवा जास्त असेल तर. कुठला उचललास त्यावर मुलींचं काम दिसणार की गायब होणार हे ठरतं, आणि ब्रीफमध्ये दोन्हींना बालमजुरीच म्हणतात. शिवाय हे सगळे घरोघरचे सर्व्हे. जे मूल कुठल्या घराच्या यादीतच नाही, रस्त्यावर आहे, संस्थेत आहे, ते तुझ्या टक्केवारीत वर अंशातही नाही आणि खाली छेदातही नाही. तू 'देशातली सगळी मुलं' असं लिहितेस तेव्हा हे डोक्यात असू दे.

मी हे इतकं धरून का बसते ते सांगते. सुरुवातीच्या काळात एका संस्थेत कॉन्ट्रॅक्टवर होते, कॅश ट्रान्सफरच्या एका योजनेवर रिपोर्ट होता, आणि त्यात एक वाक्य होतं की विधवांपर्यंत मदत पोचली. प्रश्नावलीत वैवाहिक स्थिती फक्त कुटुंबप्रमुखाची विचारलेली. मुलाच्या घरात राहणारी विधवा आई त्यात कुठेच नव्हती, म्हणजे आपल्याला फक्त कुटुंबप्रमुख असलेल्या विधवांबद्दल बोलता येत होतं. मी मीटिंगमध्ये बोलले, मग लिहून दिलं, मग परत लिहून दिलं. वाक्य तसंच छापलं आणि माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. तेव्हा बरोबरचे म्हणाले एका शब्दासाठी एवढं कशाला, आणि आजही कोणी कोणी म्हणतं की ही आडमुठी आहे. असेन. पण मुलाच्या घरातल्या त्या बायकांना मोजल्याशिवाय मोजलं म्हणणं मला तेव्हाही जमणार नव्हतं आणि आजही जमणार नाही. खंत वेगळीच आहे. ते वाक्य नंतर दुसऱ्या रिपोर्टांत गेलं, तिथून तिसऱ्यांत, आणि आता ते वापरणाऱ्या कोणाला मूळ प्रश्न काय होता हे माहीत असायचं कारणच नाही.

सोडून फील्डवर जावं का? जावंसं वाटत असेल तर जा, पण इथून पळायचं म्हणून जाऊ नकोस. तिथेही तुझ्या हातात फॉर्मच देतील. पीएचडीचं आत्ता ठरवू नकोस, घाई काय आहे. पैशांचं मात्र नीट बघ, यूएन सचिवालय इंटर्नला पगार देत नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, आयएलओ, स्टायपेंड देतं, त्यामुळे इंटर्नशिपचा पुढचा अर्ज करताना नावाला भुलू नकोस. आणि 'माझा इम्पॅक्ट काय' हे दर आठवड्याला स्वतःला विचारणं बंद कर बाई. अनेक देशांत लोकसंख्या आणि आरोग्यावर घरोघरी होणारे डीएचएस सर्व्हे १९८४ पासून चालू होते, २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांचे पैसे थांबवले. म्हणजे कितीतरी देशांच्या बाबतीत पुढची काही वर्षं लोक जुन्याच डेटावर धोरणं लिहिणार, आणि तेव्हा जुना प्रश्न नेमका काय होता हे सांगणारं माणूस खोलीत असावं लागेल. ते तू हो ना.

शुक्रवारचं असं कर. दोन्ही आकडे टेबलात ठेव, शेजारी शेजारी, आणि खाली एक ओळ लिही की एका व्याख्येत बरोबर ३० मिनिटं पास धरतात आणि दुसरीत नाही. हिस्टोग्राम जोड. सुपरवायझरशी भांडू नकोस, त्याला नुसतं दाखव, बहुतेक त्यानेही कधी बघितलं नसेल. काढून टाक म्हणाला तर का ते मेलवर विचार, तोंडी नको. आणि त्या देशाची, सर्व्हेच्या त्याच वर्षाच्या फेरीची प्रश्नावली उतरवून घे, दुसऱ्या फेरीची चालणार नाही, देश आपापल्या सोयीने प्रश्न बदलतात. पाण्याचं पान आणि टेबल दोन्ही गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला पाठव, मी रात्री बघून देते.