शंका-समाधान : ‘मी’ म्हणायचं राहिलं असेल तर?

प्रश्न : आदरणीय फादर, मी निवृत्त नर्स, वय ७१. १९८६ साली नाइट ड्यूटीवर असताना सातव्या महिन्यात जन्मलेली एक मुलगी हातची जाते असं दिसलं. आई ख्रिस्ती, पण शुद्धीवर नव्हती, वडील गावी. दुधाची पावडर कालवायला उकळून ठेवलेलं पाणी मी बाळाच्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाले, “पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तुझा बाप्तिस्मा करते.” मुलगी जगली. पुढे चर्चमध्ये तिला तेल लावलं, मेणबत्ती दिली, पाणी मात्र पुन्हा ओतलं नाही. आता जावयांनी मोबाइलवर दाखवलं, अमेरिकेत एका शब्दापायी हजारो बाप्तिस्मे रद्द झाले म्हणे. मी तेव्हा ‘मी’ म्हणाले होते का, आठवत नाही. झोप लागत नाही. – एक वाचक, वसई

उत्तर : ताई, आज रात्री निवांत झोपा. बाप्तिस्मा झाला आहे.

जावईबापूंनी दाखवलेली बातमी खोटी नाही. अॅरिझोनात फिनिक्सच्या एका धर्मगुरूंना “मी तुझा बाप्तिस्मा करतो” ऐवजी “आम्ही करतो” म्हणायची सवय होती. त्यांनी १७ जून २०२१ पूर्वी दिलेले बाप्तिस्मे ग्राह्य धरता येत नाहीत, असं तिथल्या धर्मप्रांताने जाहीर केलं. त्याआधी, ऑगस्ट २०२० मध्ये, रोमने, म्हणजे पोपच्या कार्यालयाने, स्पष्टच सांगितलं होतं की ‘आम्ही’ चालत नाही. डेट्रॉइटच्या एका तरुण फादरांनी आपल्याच १९९० सालच्या बाप्तिस्म्याचा व्हिडिओ पाहिला, तर त्यात डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे सेवक) ‘आम्ही’ म्हणत होते. बिचाऱ्यांचा बाप्तिस्मा, दृढीकरण, गुरुदीक्षा, सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

एवढ्याशा शब्दाचा एवढा बाऊ का? ‘आम्ही’ म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. आई-वडील, आजी-आजोबा, धर्ममातापिता, सगळा समाज बाळाचं स्वागत करतो, असं त्यांना म्हणायचं होतं. पण बाप्तिस्मा समाज देत नाही. संत ऑगस्टिन म्हणतात, पेत्राने दिला तरी ख्रिस्तच देतो, ख्रिस्ताचा घात करणाऱ्या यहूदाने दिला तरी ख्रिस्तच देतो. पाणी ओतणाऱ्याच्या तोंडचा तो ‘मी’ उसना आहे, खरा ‘मी’ ख्रिस्ताचा. तिथे ‘आम्ही’ आलं की समाजच कर्ता होऊन बसतो.

तुमच्या बाबतीत ‘मी’ बदलला नाही. फार तर उच्चारायचा राहिला. संत थॉमस अक्वायनस यांनी हा मुद्दा तेराव्या शतकातच सोडवून ठेवलाय. लॅटिनमध्ये ‘बाप्तिझो’ (बाप्तिस्मा करतो) एवढं म्हटलं तरी ‘मी’ त्यात आलाच. सुरुवातीचा ‘एगो’, म्हणजे ‘मी’, हेतू ठळक व्हावा म्हणून आहे, तो त्या वाक्याचा गाभा नव्हे. लहानपणी मिस्साला सेवा करताना “एगो ते बाप्तिझो” मी कितीदा ऐकलं. त्यातला ‘एगो’ गिळला तरी चालतो, हे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या शिक्षणाला, जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि ताई, मराठीने तर तुमची आणखीच सोय केलीय. मी नुसतं “करतो” म्हटलं, तर ‘मी करतो’ की ‘आम्ही करतो’ हा संशय उरतो. तुम्ही म्हणालात “करते”. ते ‘आम्ही’चं होऊच शकत नाही. व्याकरणाचे मास्तर म्हणतील, ‘ती करते’ही होतं, पण त्या खोलीत दुसरी कोण होती?

बाईने दिलेला बाप्तिस्मा चालतो का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण जावई विचारतील. प्राणावर बेतलेलं असताना कोणीही देऊ शकतं, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा. चर्चला जे करायचं असतं तेच करण्याचा हेतू मात्र हवा. चर्चच्या फ्लॉरेन्स इथल्या परिषदेने १४३९ साली स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख केलाय.

एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. आठव्या शतकात बव्हेरियात एक धर्मगुरू होते, लॅटिन बेताचंच. ते “पात्रिस एत फिलीई” (पित्याच्या आणि पुत्राच्या) ऐवजी “पात्रिया एत फिलिया” म्हणत, म्हणजे मायदेशाच्या आणि मुलीच्या नावाने! संत बोनिफेस यांनी त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतलेल्यांना पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावला. तक्रार रोमला गेली. पोप झकारियांनी ७४६ साली कळवलं : भाषा न आल्यामुळे जीभ घसरली, श्रद्धा चुकीची नव्हती, पुन्हा बाप्तिस्मा नको. अडाणीपणाने शब्द मोडणं वेगळं आणि आपली कल्पना घुसवायला शब्द बदलणं वेगळं. माझ्या मते फिनिक्सचा सगळा घोळ या एका फरकात आहे.

शब्दांत खरं जपायचं ते तुम्ही जपलंत : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. नावं तीन घेतो, पण म्हणतो ‘नावाने’, ‘नावांनी’ नव्हे. मत्तयच्या शुभवर्तमानातही ‘नाव’ एकवचनीच आहे. शिवाय ओतणारी आणि बोलणारी व्यक्ती एकच होती, आणि पाणी डोक्यावरून वाहिलं.

तुमच्या त्या वेळच्या फादरांनीही बरोबर तेच केलं. संशय वाटला असता, तर “तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर मी…” असं म्हणून त्यांनी पाणी ओतलं असतं. त्यांनी तुम्हाला नीट विचारूनच फक्त उरलेले विधी केले असणार.

आशीर्वादित पाणी नव्हतं म्हणूनही मनात किंतु असेल, तर तोही काढून टाका. नळाचं, विहिरीचं, दुधासाठी उकळलेलं, कुठलंही चालतं. तुम्ही नर्स, तेव्हा ते कोमट झालंय ना हे आधी मनगटावर पाहिलंच असणार.