उत्प्रेरकाला विरजण म्हणावे का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून विज्ञानाचे एक शिक्षक लिहितात की, गोबरगॅसमधल्या मिथेनपासून इथिलीन (प्लास्टिकसाठी लागणारा वायू) बनू शकते हे सांगताना त्यांनी 'उत्प्रेरक म्हणजे विरजण' असे समजावले, तेव्हा एका मुलीने विचारले, "इरजन तं दह्यातच जाते, मंग उत्प्रेरक परत कसा भेटते?" ही उपमा ठेवावी की टाकावी?

गुरुजी, मुलीची शंका रास्त आहे. (विहिरीची 'इहीर' करणारी वऱ्हाडी विरजणाचे 'इरजन' करते, हे ओघाने आले.) विरजणातले जिवाणू दुधात वाढतात आणि उद्याचे विरजण आजच्या दह्यातूनच निघते, उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, मात्र तिच्यात भाग घेऊनही मूळ रूपात परत येतो. मिथेनसाठी लिथियम मिसळलेले मॅग्नेशियम ऑक्साइड वापरले, तर त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजन मिथेनचा एक हायड्रोजन ओढून घेतो, असे उरलेले दोन मिथिल मूलक (एक हायड्रोजन गमावलेले मिथेनचे तुकडे) जुळून इथेन होते, इथेनचे पुढे इथिलीन होते आणि पृष्ठभागावर झालेली तूट हवेतला ऑक्सिजन भरून काढतो. ऑक्सिजनच्या मदतीने मिथेन जोडून इथिलीन मिळवण्याची वाट केलर आणि भसीन या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडली.

तरीही मी उपमा टाकणार नाही. नुसते ठेवलेले दूध नासतेच; विरजण त्याला दह्याच्या वाटेला लावते. ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला मिथेन आणि ऑक्सिजन एकत्र आले की त्यांचा ओढाही, गोबरगॅसच्या शेगडीवर होतो तसा, जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होण्याकडेच असतो. शिवाय तयार झालेले इथिलीन मिथेनहून लवकर जळते, म्हणून घाई करण्यापेक्षा वळण लावणे हेच इथे उत्प्रेरकाचे अवघड काम ठरते.

'उत्प्रेरक' शब्दात उत्, प्र आणि 'हलवणे' या अर्थाचा ईर् धातू आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३५ मध्ये रूढ केलेल्या 'कॅटॅलिसिस' या ग्रीक शब्दात 'सोडवणे' आहे, आणि मिथेनच्या बाबतीत मला तोच अर्थ अधिक चपखल वाटतो, कारण कार्बन-हायड्रोजनचा पहिला बंध तोडायला मोलामागे सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात.

वर्गात विरजण जरूर म्हणावे, पण ते वळण लावण्यापुरतेच. उत्तरपत्रिकेत 'उत्प्रेरक'च हवा. घाईत मुले 'संप्रेरक' लिहितात, आणि ते तर शरीरातल्या ग्रंथींचे स्राव झाले.