सकाळी बोटं आखडतात, पण आरए फॅक्टर निगेटिव्ह

तुम्ही लिहिलंय की बहीण ३६ वर्षांची आहे, दोन महिने झाले सकाळी बोटं आखडतात, अंगठी निघत नाही, आणि आरए फॅक्टर (ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह आल्यावर डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. मी डॉक्टर नाही, पण ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार, बरीच वर्षं सांभाळतेय. तुमच्या वर्णनावरून मी तरी कॅल्शियमवर थांबले नसते.

आधी दुखण्याची वेळ बघा. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा थोड्या वेळात, फार तर अर्ध्या तासात जातो, आणि कामं करून संध्याकाळी दुखणं वाढतं. ऱ्हुमॅटॉइडमध्ये उलटं. उठल्यावर तास-तास मूठ वळत नाही, दुधाची पिशवी कापता येत नाही, वेणी घालता येत नाही; हालचाल सुरू झाली की हात हळूहळू मोकळे होतात. दुपारी दवाखान्यात पोचेपर्यंत हात बऱ्यापैकी चालत असतात, मग 'तसं काही दिसत नाही' असं ऐकून परत यायचं. म्हणून उठल्या उठल्या हातांचे फोटो काढून ठेवायला सांगा.

मग कुठले सांधे ते बघा. बोटांची मुळं, मधले सांधे, मनगटं, बहुतेक वेळा दोन्ही हातांची. नखांजवळचे सांधे सहसा सुटतात. तिथे टणक गाठी असतील तर ती बहुधा झीज. हात मिळवताना बोटांच्या मुळांवर दाब आला की कळ येते का? आणि पाय! पायांचं कुणी विचारतच नाही. सकाळची पहिली पावलं टाकताना चवड्याखाली खडे असल्यासारखं वाटतं का, हे तिला नक्की विचारा. झोप होऊनही न जाणारा थकवा, बारीक ताप, वजन उतरणं हेही यातलंच असू शकतं.

आता रिपोर्ट. या आजाराच्या पाचांतल्या एका रुग्णाला तरी आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो, आणि धडधाकट माणसालाही, विशेषतः उतारवयात, तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी ही दुसरी रक्ततपासणी त्याहून नेमकी, पण तीही निगेटिव्ह येऊ शकते. सोबत अंगातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या तपासण्या करतात. लॅबच्या पॅकेजमधल्या युरिक ॲसिड आणि एएसओ या तपासण्यांवरून हे निदान होत नाही. मधल्या काळात चिकनगुनिया झाला असेल तर आवर्जून सांगा, त्यानंतरची सांधेदुखी हुबेहूब अशीच दिसते.

सूज सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली आहे, त्यामुळे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांचीच वेळ घ्या. हाडवैद्याकडे किंवा नुसत्या पेनकिलरवर महिने घालवू नका. दुखणं दबतं, आत सांधा खराब होत राहतो, आणि औषधाचा सगळ्यात जास्त उपयोग सुरुवातीच्या काही महिन्यांत होतो. दोन दिवसांत सूज उतरवणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांपासूनही लांब राहा, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

निदान पक्कं झालं तर बहुधा मेथोट्रेक्झेट हे या आजारावरचं औषध देतील. ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. आणि बहिणीला मूल हवं असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, गरोदरपणात हे औषध चालत नाही.