शहराची जुनी मध्यवस्ती खरोखर सावरते आहे की नुसती रंगरंगोटी चालली आहे, हे चालताना कसे ओळखावे?

तुम्ही लिहिले आहे की कामावरून परतताना तुम्ही रोज शहराच्या जुन्या मध्यवस्तीतून चालत जाता. तिथे नवी फरसबंदी झाली, दिवे आणि बाकडी आली, तरी निम्म्या दुकानांची शटर खालीच आहेत आणि चार वर्षांत फारसे काही घडल्यासारखे वाटत नाही. मी नगररचनाकार नाही, परंतु अशाच एका मध्यवस्तीतून गेली नऊ वर्षे आठवड्यातून तीन-चार वेळा पायी जातो, आणि त्यांपैकी पहिली तीन वर्षे तरी मी भलत्याच गोष्टी पाहत होतो हे आता मान्य करायला हरकत नाही. चौकात कारंजे बसले तेव्हा मला वाटले की आता या भागाचे दिवस पालटले; पुढे सहा महिन्यांत त्याच चौकातले एक मोठे दुकान बंद पडले तेव्हा वाटले की सारे संपले. दोन्ही अंदाज खोटे ठरले. आज मला कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन की पायाखाली काय घातले आहे ते पाहू नका, मान वर करून दुकानांवरचे मजले पाहा, आणि तेही अंधार पडल्यावर.

याचे कारण असे की तळमजल्यावरचा गाळा थोड्या भांडवलावर उघडता येतो आणि न जमल्यास वर्षभरात बंदही करता येतो, त्यामुळे नवी पाटी ही फार तर आशेची खूण असते. वरच्या मजल्यांचे गणित निराळे आहे. अनेक जुन्या इमारतींत दुकानाची जागा वाढवण्यासाठी वर जाणारा जिना कधीच काढून टाकलेला असतो, किंवा तो दुकानाच्या आतूनच जातो. अग्निसुरक्षेचे नियम बाहेर पडायला दुसरा मार्ग मागतात. नळ, मलनिस्सारण, वीज आणि बहुधा लिफ्ट हे सगळे नव्याने करावे लागते. एवढा खर्च दहा-वीस वर्षांत वसूल होण्याची खात्री वाटल्याशिवाय कोणी तो करत नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावर, जिथे कित्येक वर्षे फळ्या ठोकलेल्या होत्या, तिथे एका संध्याकाळी पडदा आणि त्यामागे दिवा दिसला, तर ती मला चौकातल्या कारंज्यापेक्षा मोठी घटना वाटते. शिवाय वर माणसे राहू लागली की कचेऱ्या सुटल्यानंतर ओस पडणाऱ्या रस्त्यावर रात्री आठ वाजताही कोणी तरी घरी परतत असते. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी हेच बजावले होते की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर दिवसाच्या निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कामांसाठी माणसे येतात म्हणून आणि त्याकडे पाहणारे डोळे असतात म्हणून.

चार वर्षांत काही घडले नाही असे तुम्ही म्हणता, त्यामागे मालकांचा आळस किंवा नगरपालिकेची अनास्था असेलही, पण मूळ अडचण बहुतेक ठिकाणी साध्या बेरीज-वजाबाकीची असते. अवकळा आलेल्या भागात इमारत दुरुस्त करायला जितका खर्च येतो, तितकी त्या इमारतीची किंमत दुरुस्तीनंतरही होत नाही, कारण आजूबाजूची भाडी अजून पडलेलीच असतात. बँक कर्ज देते ते दुरुस्तीनंतरच्या किमतीवर; मग मधली तूट भरायची कोणी? ही तूट भरून निघेपर्यंत पहिल्या दोन-चार इमारती कोणाच्या तरी हट्टावर, अनुदानावर किंवा करसवलतीवरच उभ्या राहतात. अमेरिकेत ऐतिहासिक म्हणून प्रमाणित झालेल्या आणि उत्पन्न देणाऱ्या इमारतींच्या दुरुस्ती-खर्चावर २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते, ती नेमकी या कामी येते. रिकामा गाळा स्वस्तात का देत नाहीत, हा तुमच्या प्रश्नात डोकावणारा उपप्रश्नही इथेच सुटतो: व्यापारी इमारतीची किंमत तिच्या भाड्यावरून ठरते, त्यामुळे एक गाळा कमी भाड्याने दिला की साऱ्या इमारतीचे मूल्य कागदावर खाली येते आणि कर्ज देणारी संस्था प्रश्न विचारू लागते. गाळा रिकामा ठेवणे रस्त्याला मारक असते, मालकाच्या हिशेबात मात्र ते काही काळ शहाणपणाचे ठरते.

कोणत्या इमारती आधी जाग्या होतील याचाही अंदाज चालता चालता बांधता येतो, आणि हा माझा आवडता खेळ आहे. ट्यूबलाइट आणि वातानुकूलन सर्रास होण्यापूर्वी बांधलेल्या कचेऱ्यांना उजेड आणि वारा खिडकीतूनच घ्यावा लागे, म्हणून त्या अरुंद असत किंवा त्यांच्या मधोमध चौक सोडलेला असे. आतली कोणतीही खोली खिडकीपासून फार लांब नसे. अशा इमारतीत घरे करणे तुलनेने सोपे जाते. नंतरच्या काळातल्या काचेच्या जाडजूड इमारतींच्या पोटात मात्र खिडकीपासून दूर अशी बरीच जागा उरते, आणि बिनखिडकीच्या खोलीत राहायला कोण जाईल? त्यामुळे नव्या दिसणाऱ्या इमारती मोकळ्या आणि शंभर वर्षांच्या इमारती भरलेल्या, असे उलटे चित्र दिसले तर गोंधळू नये. लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये मध्यवस्तीतल्या जुन्या व्यापारी इमारतींत घरे करण्याचे नियम सैल केले, त्यात वाहनतळाची सक्तीही ढिली झाली, आणि त्यानंतर तिथल्या कित्येक जुन्या बँका आणि कचेऱ्या राहत्या झाल्या. मेलबर्नने त्याआधीच, १९९२ मध्ये, शहराच्या मध्यभागी लोकांना राहायला आणण्याचे धोरण हाती घेतले होते.

खाली रस्त्यावर पाहायचेच असेल तर फरसबंदीऐवजी दारे मोजा. माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे १०० मीटर जायला त्याला सत्तरएक सेकंद लागतात. डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांच्या मते चांगल्या रस्त्यावर तेवढ्या अंतरात १५ ते २० दारे असावीत. म्हणजे दर चार-पाच सेकंदांना पाहण्याजोगे काही तरी नवे समोर येते. याउलट एखादी कोरी भिंत किंवा मोकळा वाहनतळ लागला की तेच अंतर दुप्पट वाटते आणि पाय आपोआप मागे वळतात. दोन गजबजलेल्या टोकांच्या मध्ये असा एकच तुकडा असला तरी ती दोन टोके एकमेकांना मिळत नाहीत. तुमच्या रस्त्यावर असा तुकडा आहे का, आणि चार वर्षांत तो लहान झाला का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

केवळ गाड्या बंद करून किंवा फरशा घालून हे साधत नाही, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेत कॅलामाझू शहराने १९५९ मध्ये मुख्य बाजाररस्ता पादचाऱ्यांसाठी राखला आणि सुमारे दोनशे शहरांनी तसेच प्रयोग केले. त्यांतले बहुतेक फसले आणि खुद्द कॅलामाझूने १९९८ मध्ये रस्त्याच्या काही भागावर गाड्या परत आणल्या. कोपनहेगनचा स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ मध्ये व्यापाऱ्यांच्या विरोधाला न जुमानता पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला आणि आजही भरलेला असतो. माझ्या समजुतीप्रमाणे फरक असा की तिथे दारांची रांग अखंड होती, माणसे जवळपास राहत होती आणि दूरवरून गाडीने येणाऱ्या गिऱ्हाइकावर सारी भिस्त नव्हती.

काळाचा हिशेबही थोडा सैल धरावा लागतो. डेट्रॉईटच्या मध्यवस्तीपासून जवळच असलेल्या मिशिगन सेंट्रल स्थानकातून शेवटची गाडी १९८८ मध्ये सुटली. ती इमारत २०१८ मध्ये विकत घेतली गेली आणि २०२४ मध्ये लोकांसाठी उघडली. मधली तीस वर्षे तिच्याकडे पाहणाऱ्या कोणालाही तिथे काही घडते आहे असे वाटले नसते. अमेरिकेतल्याच चॅटानूगा शहरात नदीवरचा जुना वॉलनट स्ट्रीट पूल १९७८ मध्ये वाहनांसाठी बंद झाला आणि पाडण्याऐवजी दुरुस्त करून १९९३ मध्ये पादचाऱ्यांसाठी उघडला. म्हणजे तिथेही पंधरा वर्षे गेली.

एक गोष्ट मात्र सुधारणेच्या भरात नजरेतून सुटते. किल्ल्या करून देणारा, चपला शिवणारा, शिलाई यंत्र दुरुस्त करणारा अशी कमी भाड्यावर तग धरून राहिलेली माणसे सर्वांत आधी उठतात, कारण पडझडीच्या काळात त्यांनीच तो रस्ता जिवंत ठेवलेला असला तरी त्यांचा भाडेकरार लहान असतो. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनमधल्या अशाच विस्थापनाला जेंट्रिफिकेशन हे नाव दिले. मी ज्या रस्त्याने जातो तिथला घड्याळदुरुस्तीचा गाळा दोन वर्षांपूर्वी गेला आणि त्या जागी सुंदर काचेचे, बहुतेक वेळ रिकामेच असलेले एक दालन आले. त्या कोपऱ्याला मी अजूनही सुधारणेच्या यादीत धरलेले नाही.

त्याच्या समोरच्या चारमजली इमारतीकडे मात्र मी दर महिन्याला एकदा रात्री थांबून पाहतो. रस्त्याकडे तोंड केलेल्या तिच्या वरच्या मजल्यांवर चोवीस खिडक्या आहेत. पहिली पाच वर्षे त्यांत एकही दिवा नव्हता, मग एकाच खिडकीत बरेच दिवस एक दिवा दिसत राहिला. गेल्या महिन्यात मी अकरा मोजले, आणि बाराव्या खिडकीत कोणी तरी कुंडीला पाणी घालत होते.