कणसरीची गोष्ट: दंतकथा, मिथक की नुसती कथा?

गंगापूर रोडच्या एका वाचकाने विचारलंय: 'सुरगाण्यात घडणारी गोष्ट लिहितोय. त्यात कणसरी, म्हणजे तिकडच्या आदिवासींची धान्यदेवता, येते. तिच्या कथेला दंतकथा म्हणू की मिथक? कुणाला लागेल असं लिहायचं नाही.'

दंतकथा तर नकोच. शब्द मुळात गरीब आहे. लिहून ठेवलेली नाही, तोंडोतोंडी चालत आली, एवढंच तो सांगतो. पण आपण तो उच्चारतो कसा? 'छे, दंतकथा आहे ती!' शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, असं आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. रामकुंडावर उभं राहून त्या गोष्टीला दंतकथा म्हणून बघा. तिथे जीभ अडखळते ना? मग सुरगाण्याबाबतही अडखळू द्या.

मिथक हिंदीतून आलं. त्यामागच्या ग्रीक 'मिथॉस'चा अर्थ बोल, कथा. संस्कृत 'मिथ्या'शी त्याचं काही नातं नाही, पण मराठी कानाला खोटेपणाचा वास येतोच. त्यात कुणी 'मिथ्यकथा' करून ठेवलं, म्हणजे संपलंच. समीक्षेच्या लेखात मिथक खुशाल वापरा. गोष्टीत ते आलं की निवेदक लगेच खुर्चीवर बसून बोलू लागतो.

पुराणकथा? ग्रीकांच्या बाबतीत आपण सवयीने म्हणतो. पण पुराण हा संस्कृतातला ठरावीक ग्रंथप्रकार, महापुराणं 18; रामायणसुद्धा त्यांत मोजत नाहीत. कणसरीची कथा पोथीतली नव्हे, थाळीवर गायची. थाळीत मेणाने काडी उभी करतात, तिच्यावरून बोटं ओढत सूर धरतात आणि कथा पुढे सरकते.

म्हणून 'कणसरीची कथा' एवढंच लिहा. पात्रांच्या तोंडी तर दुसरं काही शोभणारच नाही. निवेदकाला अगदीच वर्गवारी हवी असेल तर 'दैवतकथा' घ्या, मात्र पुढच्या पानावर पंचवटी आली तर तिथेही तोच शब्द ठेवा.

आणि हो, न विचारलेलं एक. 'कणसरी म्हणजे त्यांची अन्नपूर्णा' असं वाक्य कच्च्या खर्ड्यात असणारच. माझ्याही एका जुन्या लेखात होतं. ते काढा. कणसरी कशी आहे ते सांगायचं राहूनच जातं त्यात.