रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना संसर्ग प्रतिबंधाचे आणि प्रतिजैविकांच्या जपून वापराचे प्रशिक्षण कसे द्यावे?

आपण विचारले आहे की, आपल्या पन्नास खाटांच्या रुग्णालयात परिचारिका आणि सफाई कर्मचारी यांच्यासाठी एक दिवसाची कार्यशाळा घ्यायची असून त्यासाठी विषय कोणते ठेवावेत आणि तज्ज्ञ कोठून बोलवावेत. आपल्या यादीत डॉक्टर नाहीत. प्रशिक्षण वाया जाण्यास एवढे एक कारण पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, म्हणून विषयांआधी मी त्याबद्दलच लिहिणार आहे.

लातूरच्या एका खासगी रुग्णालयात मी शस्त्रक्रिया विभागाची परिसेविका होते. २०१६ च्या उन्हाळ्यात शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आमचे रुग्णालय टँकरवर चालले होते आणि व्यवस्थापनाने कक्षांतील बहुतेक नळ बंद करून टाकले होते. या टंचाईसाठी बोलावलेल्या बैठकीत आमच्या ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी सुचवले की, स्वच्छतेत थोडीफार उणीव राहणारच, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे प्रतिजैविकांचे ‘कव्हर’, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून दिले जाणारे औषध, आणखी दोन-तीन दिवस वाढवावे. खोलीतील कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर मुळातच पाच दिवस सेफ्ट्रायाक्झोन हे प्रतिजैविक चालत असे. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध ‘वॉच’ गटात, म्हणजे प्रतिरोध (जंतूंनी औषधाला दाद न देणे) वाढण्याचा धोका अधिक असलेल्या औषधांत ठेवले आहे, आणि ते आम्ही नळाला पाणी नाही म्हणून आठवडाभर देणार होतो.

मी तेव्हा जे बोलले ते आजही बोलेन. प्रतिजैविक हा साबणाला पर्याय नाही. कव्हर लांबवले की साधे जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे क्लेब्सिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर मोकळे रान मिळाल्यासारखे वाढतात. पुढे ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात ते आपल्याच हातांनी. पाण्याची टंचाई हे हात निर्जंतुक न करण्याचे कारण होऊच शकत नाही, कारण अल्कोहोलयुक्त द्रावणाला पाणी लागत नाही. आमच्या औषधनिर्मात्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असे द्रावण तयार केले आणि आम्ही प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एकेक बाटली अडकवली. हातांवर रक्त किंवा मळ दिसत असेल तरच साबण-पाणी, एरवी वीस ते तीस सेकंद द्रावण चोळायचे, असा नियम ठरला. बाटल्या चोरीला जातील, अशी भीती व्यवस्थापकांना होती. काही गेल्याही, आणि त्या आम्ही पुन्हा भरून लावल्या.

नियम समजावण्यासाठी आम्ही कक्षातच सगळ्यांना उभे केले. मी व्याख्यान देण्याऐवजी इतकेच विचारले की, पाणी कमी झाल्यापासून आपण कामात काय बदलले आहे. तेव्हा सफाई करणाऱ्या मावशींनी सांगितले की, पूर्वी प्रत्येक कक्षासाठी त्या बादलीतले पाणी बदलत, आता एकाच बादलीवर तीन कक्ष पुसतात, आणि त्यांतला शेवटचा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा असतो. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटल्यांत डिस्टिल्ड वॉटरऐवजी टँकरच्या पिंपातले पाणी टाकले जाते, हेही त्यांनीच सांगितले. तेथे निर्जंतुक पाणीच हवे, कारण अशा साचलेल्या पाण्यात स्यूडोमोनास हा जंतू सुखाने वाढतो. डॉक्टर, परिचारिका, व्यवस्थापक यांपैकी कोणालाही यातले काहीच ठाऊक नव्हते. मावशींना तोवर कोणी विचारलेच नव्हते. त्याच दिवशी पुसण्याचा क्रम उलटा करून आधी स्वच्छ कक्ष आणि शेवटी पू असलेल्या जखमांचे रुग्ण, असा लावला.

शल्यचिकित्सक मात्र हजेरीपटावर सही करून, चहा घेऊन, फोन आला म्हणून निघून गेले होते. जाताना म्हणाले, “सिस्टर, तुमच्या लोकांना नीट शिकवा.” दुसऱ्या दिवशी फेरीत त्यांनी एकाची पट्टी उघडून पाहिली आणि बाटलीला हात न लावता पुढच्या रुग्णाचे पोट तपासले. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या तिन्ही निवासी डॉक्टरांनीही तेच केले. कनिष्ठ माणसे व्याख्यानापेक्षा फेरी पाहून शिकतात, आणि हात स्वच्छ करताना मनगटावरचे घड्याळही न काढणाऱ्या एका वरिष्ठामुळे महिनाभराचे प्रशिक्षण पुसले जाते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. एक दिवसाची कार्यशाळा घेऊ नका. पाळी बदलताना पंधरा-वीस मिनिटे, कक्षातच, दर आठवड्याला एक विषय घ्या, आणि रात्रपाळीला वगळू नका. अशा कार्यशाळांत पहिल्याच स्लाइडवर, २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधक जंतूंमुळे झाले, हा अंदाज झळकतो. तो महत्त्वाचा असला तरी बादलीत हायपोक्लोराइट हे जंतुनाशक किती घालायचे हे त्यातून कळत नाही. विषयांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०२० ची संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी आहेत. तज्ज्ञ हवेच असतील तर अंबाजोगाई, नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला पत्र लिहा. शिकवून झाल्यावर कोणीतरी कक्षात उभे राहून हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग (रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-स्रावांचा संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर) प्रत्यक्षात कितपत पाळले जातात ते मोजावे, आणि तो आकडा डॉक्टरांसह सर्वांना दिसेल असा लावावा.

डॉक्टरांसाठी तीनच गोष्टी ठेवा. शस्त्रक्रियेपूर्वीची प्रतिजैविकाची मात्रा छेद देण्याआधीच्या तासाभरात द्यावी, आणि स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर ती सहसा पुढे चालवू नये. प्रतिजैविक सुरू करण्याआधी कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, नमुना घ्यावा. ४८ ते ७२ तासांनी अहवाल पाहून ते थांबवायचे, बदलायचे की चालू ठेवायचे, हे कागदावर लिहावे. हे सर्व मावशी आणि वॉर्डबॉय यांच्या समोर, एकाच खोलीत व्हावे. वेगळी बैठक मागणाऱ्या वरिष्ठांना ती देऊ नका.

काही खुलासे राहिले. औषध लिहिणे हे माझे काम नव्हते आणि मी त्यातली तज्ज्ञ नाही. आमच्याकडे संसर्गाची नोंदवही नव्हती, त्यामुळे त्या उन्हाळ्यात संसर्ग कमी झाले असा दावा मी करणार नाही. आपण मात्र पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा. क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबात अल्कोहोल पुरत नाही, तेथे साबण-पाणीच लागते, म्हणून टंचाईतही तेवढे पाणी राखून ठेवावे. ‘प्रतिजैविक जपून’ याचा अर्थ ‘उशिरा’ असा कोणी घेऊ नये. सेप्टिक शॉकच्या, म्हणजे गंभीर संसर्गामुळे रक्तदाब घसरलेल्या, रुग्णाला पहिली मात्रा तासाभरात मिळालीच पाहिजे आणि नमुन्यासाठी ती रखडता कामा नये. त्यासाठी ब्लड कल्चरच्या बाटल्या प्रयोगशाळेच्या कपाटात न ठेवता अपघात कक्षात ठेवा, कारण रात्री दोन वाजता त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे शोधण्यातच तास निघून जातो.